नॉर्स पुराणांत समुद्राचा देव नेमका कोण?

गडदनिळा
ग्रीकांचा समुद्रदेव कोण, तर पोसायडन. रोमनांचा नेपच्यून. उत्तर तोंडावर असतं. पण जे लोक उघड्या होड्यांतून आइसलंड, ग्रीनलंड आणि तिथून पार उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, त्या नॉर्स लोकांच्या पुराणांत समुद्राला असा एकच एक धनी सापडत नाही.

आहेत ते असे. न्योर्ड: स्नोरी स्टर्लुसन या आइसलंडच्या विद्वानाने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या गद्य एड्डा या पुराणग्रंथात हा वाऱ्याची चाल ठरवतो, समुद्र आणि आग दोन्ही शमवतो, आणि मासेमारीत किंवा सफरीत यश हवं असेल तर त्यालाच साकडं घालावं असं म्हटलंय. इतका श्रीमंत की मागेल त्याला जमीनजुमला देईल. एगिर: हा साक्षात समुद्रच, माणसाच्या रूपात. देवांना मेजवानी देतो. त्याच्या दालनात विस्तवाऐवजी सोन्याचा उजेड पडतो आणि बिअर आपोआप पुढ्यात येते. त्याची बायको रान, हातात जाळं, बुडणाऱ्यांना त्यात ओढते. त्यांच्या नऊ मुली म्हणजे नऊ लाटा. आणि या सगळ्यांच्या खाली योर्मुनगांड नावाचा साप पृथ्वीला वेटोळं घालून पडलेला.

माझं मत असं की यांत गोंधळ नाही, वाटणी आहे. माणूस समुद्रातून जे मिळवतो (मासळी, व्यापार, सुखरूप बंदर) ते न्योर्डचं. समुद्र स्वतः जे करतो ते एगिर आणि रानचं. एगिर तर देवकुळातलाही नाही, योतुनांच्या म्हणजे राक्षसकुळातला. म्हणून 'समुद्राचा देव' हे नाव मी न्योर्डला देईन. पण प्रत्यक्ष होडी पाण्यात लोटताना लोक कोणाचं नाव घेत असतील? जाणकारांनी लिहावं.

कौमुदी
सुंदर विषय! न्योर्डला माझंही मत, आणि त्याला कारण त्याचं लग्न.

स्काडी ही डोंगरातल्या योतुनाची, थ्यासीची मुलगी. देवांनी बापाला मारलं म्हणून ही एकटी चिलखत चढवून देवांच्या दारात उभी राहिली. देवांनी भरपाई म्हणून सांगितलं, आमच्यातला कोणीही नवरा म्हणून निवड, फक्त पाय बघून. तिने सर्वांत देखणे पाय निवडले, देखण्या बाल्डर देवाचेच असणार या खात्रीने. निघाले न्योर्डचे! तिची दुसरी अट होती की मला हसवून दाखवा. ते काम लोकी या खोडकर देवाने केलं. कसं ते इथे लिहीत नाही, बोकडाची दाढी आणि दोरी एवढंच सांगते.

मग संसार. तिला डोंगर हवा, त्याला किनारा. नऊ रात्री तिच्या घरी, मग त्याच्या नोआतूनला. काही हस्तलिखितांत तिथल्या नऊ रात्री आहेत, काहींत तीनच. डोंगरात लांडग्यांच्या ओरडण्याने तो वैतागला आणि किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटाने तिची झोप उडाली. शेवटी ती बापाच्या घरी परत गेली, बर्फावर स्की आणि धनुष्य घेऊन. भांडण नाही, शाप नाही, कोणी कोणाला जाळलं नाही. दोघांना आपापली जागा सोडवत नाही, एवढंच. इतका समजूतदार घटस्फोट मी दुसऱ्या कुठल्या पुराणात वाचलेला नाही. नॉर्वेच्या नकाशात डोंगर थेट फ्योर्डच्या पाण्यात उतरतात. त्या देशात ही गोष्ट जन्मली याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

टवाळ_पण_प्रेमळ
पाय बघून नवरा निवडायचा म्हणजे पेडिक्युअरचा शोध नोआतूनला लागला.

कौमुदी
@टवाळ, दर्यावर राहणाऱ्याचे पाय रोज लाटा धुतात असंच कारण अभ्यासकांपैकी काहींनी दिलंय. तुमचा विनोद बराच जुना आहे :)

मुसाफिर
गडदनिळा, वाटणी पटली, निकाल नाही. 'समुद्राचा देव' हे नाव त्यालाच द्यावं ज्याच्यावर लोक जिवाच्या आकांताने चिडत होते. न्योर्डवर कोण चिडलंय? एगिर आणि रानवर चिडलेल्या बापाची कविता आपल्याकडे शिल्लक आहे.

एगिल स्कालाग्रिमसन, दहाव्या शतकातला आइसलंडचा कवी. कवी म्हणजे तलवारबाज, भांडकुदळ, लहानपणापासून माणसं मारलेला. त्याचा बोदवर नावाचा लाडका मुलगा बोर्गाफ्योर्डमध्ये लाकूड आणायला गेला असताना होडी उलटून गेला. एगिलने स्वतः किनारा शोधून प्रेत मिळवलं, घोड्यावर मांडीत घेऊन नेलं आणि आपल्या बापाच्या थडग्याचा ढिगारा उघडून त्याच्या शेजारी ठेवलं. मग घरी येऊन कोनाड्यातल्या बिछान्यावर पडला, कडी लावली, अन्नपाणी सोडलं.

थोरली मुलगी थोरगेर्ड सासरहून आली. म्हणाली, "मलाही तुमच्याबरोबर मरायचंय, दार उघडा." आत गेल्यावर ती समुद्रशेवाळ चघळत बसली, त्यानेही चघळलं. त्याने तहान लागते. पाणी मागवलं तर आलं दूध, दोघांनी प्यायलं आणि उपासाचा बेत मोडला. मग ती म्हणाली, आता मरायचं राहू द्या, भावावर कविता रचा, मी लाकडावर कोरून घेते.

तीच 'सोनातोरेक'. रानने आपल्याला लुटलं, कुळाचा पीळ उसवला, असं तो म्हणतो. या खटल्याचा निकाल तलवारीने लावता आला असता तर बिअर गाळणाऱ्याचा शेवट झाला असता, असंही. बिअर गाळणारा म्हणजे एगिर. पण पुढची ओळ जास्त दुखते: मुलाच्या मारेकऱ्याशी भिडायला या म्हाताऱ्याच्या मागे माणसं नाहीत, हे सगळ्यांना दिसतंय. सूडावर चालणाऱ्या समाजात असा मारेकरी, ज्याच्यावर सूड उगवताच येत नाही. मेजवानी देणारा गमत्या यजमान आणि हा मारेकरी एकच आहेत. मला तरी समुद्राचा देव इथे भेटतो.

नीरजा_व
मुसाफिर, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. थोरगेर्डचं शहाणपण विलक्षण आहे.

अपर्णा_ठाणे
मुसाफिर यांच्या प्रतिसादाला जोडून रानबद्दल. तिला फक्त खुनी ठरवू नका. तिच्याकडे जाणं हा एक मुक्काम होता आणि तिथे स्वागत होत असे.

फ्रिथ्योफच्या सागात (सागा म्हणजे जुन्या आइसलंडी गद्य कथा) वादळात होडी जाणार असं दिसल्यावर तो हातातलं सोन्याचं कडं तोडून त्याचे तुकडे सोबत्यांना वाटतो. रानच्या घरी पाहुणे म्हणून जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? सोनं अंगावर असावं.

आणि एयरबिग्या सागातली फ्रोदा या शेतवाडीची गोष्ट तर मला अंधारात आठवायला नको वाटते. थोरोड नावाचा शेतकरी वाळवलेली मासळी आणायला जातो आणि साथीदारांसह बुडतो. प्रेतं मिळत नाहीत. घरी नाताळच्या दिवसांत त्यांच्या नावाने जेवण घालतात, आणि पहिल्याच रात्री हे सगळे ओलेचिंब आत येऊन शेकोटीपाशी बसतात. घरचे घाबरत नाहीत, खूश होतात! कारण बुडालेला आपल्याच श्राद्धाच्या जेवणाला आला म्हणजे रानने त्याचं चांगलं स्वागत केलं, अशी समजूत. सागा लिहिणारा मुद्दाम सांगतो की तेव्हा लोक नुकतेच ख्रिस्ती झाले होते, तरी ही जुनी समजूत टिकून होती.

टवाळ_पण_प्रेमळ
मग गेले का ते परत?

अपर्णा_ठाणे
नाही ना! रोज संध्याकाळी यायला लागले. जेवणाचे दिवस संपले तरी येतच राहिले, शेकोटी बळकावून बसले. शेवटी दारातच न्यायसभा भरवली, रीतसर साक्षीदार, आरोप, निकाल. विनापरवाना घरात वावरल्याबद्दल एकेका भुताला दोषी ठरवलं आणि एकेक जण कुरकुरत उठून गेला. आइसलंडच्या लोकांची कायद्यावरची श्रद्धा भुतांनाही मान्य होती.

भाऊ_रत्नागिरी
आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर पडत नाही. यांच्यात असं काही होतं का? समुद्राला प्रत्यक्ष काही देणं? गोष्टी पुष्कळ झाल्या, पूजेचं कोणी सांगत नाही.

गडदनिळा
भाऊ, नेमका प्रश्न, आणि माझा मुद्दा इथेच उभा राहतो. पूजेच्या खुणा न्योर्डच्या बाजूने आहेत. नॉर्वेत यज्ञाच्या मेजवानीत पहिला पेला देवांचा प्रमुख ओडिन याच्या नावाने, राजाच्या विजयासाठी. त्यानंतर न्योर्ड आणि त्याचा मुलगा फ्रेयर यांच्या नावाने, चांगलं पीक आणि शांततेसाठी, असं स्नोरी लिहितो. आइसलंडमध्ये न्यायसभेपुढे कड्यावर हात ठेवून शपथ घ्यायची त्यातही फ्रेयर आणि न्योर्ड ही नावं आहेत. शिवाय स्थळनावं: नॉर्वेतल्या तिसनेस बेटाचं जुनं नाव न्योर्डवरून, आइसलंडमधलं न्यार्दविक गाव त्याच्याच नावाचं. एगिर आणि रानच्या नावाने कुठे देऊळ, कुठे पुजारी असल्याचं वाचनात येत नाही. डेन्मार्कचं लेसो बेट एगिरच्या 'ह्लेर' या दुसऱ्या नावाशी जोडतात, पण ते त्याचं घर म्हणून, पूजास्थान म्हणून नव्हे.

मुसाफिर
स्थळनावं शेतकऱ्यांनी ठेवली. बुडणाऱ्याने गावाला नाव द्यायला परत यावं लागतं.

स्टॅव्हँगरकर
मी नॉर्वेत तेलक्षेत्रात काम करतो, त्यामुळे ही नावं रोज कानावर पडतात. न्योर्ड हे नॉर्वेजियन समुद्रातलं तेल-वायूचं क्षेत्र आहे. १९८६ मध्ये सापडलं, १९९७ मध्ये उत्पादन सुरू झालं, २०१६ मध्ये तरंगता प्लॅटफॉर्म किनाऱ्याला आणून मोठी दुरुस्ती केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. हाइमडाल, बाल्डर, ऑसगार्ड हीसुद्धा क्षेत्रांचीच नावं. मागेल त्याला धन देणारा न्योर्ड! नाव ठेवणाऱ्याने एड्डा नीट वाचला होता.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या आणखी एका क्षेत्राचं नाव मात्र ड्राउगेन. उत्तर नॉर्वेच्या कोळ्यांच्या समजुतीत ड्राउग म्हणजे समुद्रात बुडालेल्या माणसाचं भूत. अर्ध्या होडीतून वल्हवत येतं आणि ज्याला दिसतं त्याचं मरण जवळ आलेलं असतं. रान आणि एगिर ख्रिस्ती काळात विस्मरणात गेले, पण अपर्णाताईंच्या फ्रोदाच्या ओल्या भुतांचा हा वंशज बघा, तो शेकडो वर्षं टिकला. इथल्या जुन्या लोकांकडून ड्राउगच्या गोष्टी ऐकताना मला नेहमी वाटतं की देव विसरले जातात, बुडालेले विसरले जात नाहीत.

जाता जाता: एगिर अगदीच बेकार बसलेला नाही. आइसलंडच्या तटरक्षक दलाच्या एका जहाजाचं नाव एगिर होतं. ब्रिटनशी मासेमारीच्या हद्दीवरून जी 'कॉड युद्धं' झाली, त्यात ५ सप्टेंबर १९७२ रोजी याच एगिरने पहिल्यांदा जाळी कापायचं अवजार वापरून ब्रिटिश ट्रॉलरचं जाळं तोडलं.

टवाळ_पण_प्रेमळ
बायको जाळं टाकते, नवरा जाळी कापतो. लग्न टिकलं कसं? इथेही कौमुदीताईंनी समजूतदार घटस्फोट सुचवावा.

नीरजा_व
मला नऊ मुलींबद्दल लिहायचंय. एकीचं नाव हिमिंगलेवा, जिच्यातून आकाश झळकतं. एक ब्लोदुगहाडा, रक्ताळ केसांची. लाटेच्या तुऱ्यावर उडणारा फेस तांबूस दिसतो तेव्हाची. कोल्गा म्हणजे गारठवणारी. बाकी बऱ्याचशा नुसत्या लाटांचे प्रकार. पाण्याकडे इतक्या बारकाईने बघून केलेली ही नावं आहेत. दर्यावर्दी माणसाला 'लाट' या एका शब्दावर भागत नाही.

आणि हाइमडाल हा नऊ आयांचा मुलगा, म्हणजे याच नऊ जणींचा. देवांचा पहारेकरी लाटांच्या पोटी जन्मला, ही कल्पना मला फार आवडते.

मुसाफिर
नीरजा, एक हरकत. हाइमडालच्या नऊ आयांची नावं एका कवितेत दिली आहेत आणि ती एगिरच्या मुलींच्या नावांशी एकही जुळत नाही. ग्याल्प, ग्राइप, यार्नसाक्सा वगैरे, सगळ्या योतुन बायका. त्यामुळे दोन्ही नवकं एकच, हा नंतरच्या वाचकांनी जोडलेला धागा आहे. नऊ हा नॉर्स लोकांचा लाडका आकडा, तो सगळीकडे येतो. ओडिन झाडावर लटकला नऊ रात्री, जगं नऊ, वर कौमुदींनी सांगितलेल्या रात्रीही नऊ.

नीरजा_व
नावं जुळत नाहीत हे मान्य. पण त्याच कवितेत त्या मुलाला पृथ्वीचं बळ, थंडगार समुद्र आणि रक्त यांवर वाढवलं असं आहे, आणि नऊ आयांनी त्याला जन्म दिला तो पृथ्वीच्या कडेला. नॉर्स लोकांच्या पृथ्वीची कड म्हणजे समुद्रच. माझं म्हणणं मी सोडत नाही.

वल्हे
इतका वेळ वाचत होतो. दोन्ही पक्षांना एक विचारतो: खऱ्याखुऱ्या सफरींच्या नोंदींत लोक कोणाला हाक मारतात?

आइसलंडच्या वसाहतीच्या जुन्या ग्रंथात हेल्गी नावाच्या वसाहतकाराबद्दल लिहिलंय. तो ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रप्रवास आणि कठीण प्रसंग आला की थॉरला, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाला, हाक मारायचा. किनारा दिसल्यावर कुठे उतरायचं हेही त्याने थॉरलाच विचारलं, आणि मग बांधलेल्या घराला नाव ख्रिस्ताचं दिलं. थोरोल्फ नावाच्या दुसऱ्या वसाहतकाराने आपल्या घराचे थॉर कोरलेले खांब समुद्रात सोडले, जिथे लागले तिथे वस्ती केली, त्या भूशिराला थॉरचं नाव दिलं. बरं, १०७० च्या दशकात ब्रेमेनच्या आदामने उप्सालाच्या देवळाचं वर्णन लिहिलं. मूर्ती तीन: थॉर, ओडिन, फ्रेयर. मेघगर्जना, वारा, पाऊस, स्वच्छ हवा हे खातं थॉरकडे. शिडाच्या होडीला मासळीच्या आधी वारा लागतो! न्योर्ड त्या देवळात नाहीच.

आणि समुद्राशी हातघाईची लढाई कोणाची? थॉरचीच. एगिरला देवांसाठी बिअर गाळायची तर प्रचंड हंडा हवा होता, तो हिमिर नावाच्या योतुनाकडे. थॉर तिथे गेला, बैलाचं मुंडकं आमिष म्हणून लावून गळ टाकला आणि योर्मुनगांडलाच वर खेचलं. हिमिरने घाबरून दोरी कापली म्हणून साप सुटला.

मुसाफिर
दोरी कापणं स्नोरीकडे आहे. जुन्या कवितेत साप नुसता पाण्यात बुडी घेतो. स्नोरी ख्रिस्ती होता, धर्मांतराला दोनशे वर्षं उलटल्यावर लिहीत होता, गोष्ट रंगवायची त्याला सवय होती. त्याच्यावर किती विसंबायचं?

वल्हे
पुष्कळ. स्नोरी लिहितो की सापाला ओढताना थॉरने इतका जोर लावला की त्याचे पाय होडीच्या तळातून आरपार गेले. वाचून वाटतं, ही स्नोरीची पदरची भर. पण स्वीडनमध्ये उप्लांड भागात आल्टुना इथे अकराव्या शतकातली कोरलेली शिळा आहे. होडीत एकटा माणूस, एका हातात हातोडा, गळाला मोठं मुंडकं, खाली वळवळणारा साप, आणि त्याचा पाय होडीच्या तळातून बाहेर आलेला! स्नोरीच्या आधी शंभरहून जास्त वर्षं, समुद्रापलीकडच्या देशात. म्हणजे हे तो मनाने रचत नव्हता. इंग्लंडच्या गॉसफर्थ गावातल्या चर्चमध्येही या मासेमारीचा कोरीव दगड आहे, त्यात होडीत दोघं आहेत. ही गोष्ट सगळ्या नॉर्स जगाला पाठ होती.

कौमुदी
वल्हे, जबरदस्त प्रतिसाद. पाय तळातून बाहेर आलेला थॉर आता डोळ्यांसमोरून जात नाही.

नीरजा_व
हस्तलिखितांचा विषय निघालाच आहे तर: ज्या हस्तलिखितामुळे पद्य एड्डा या पुराणकवितांच्या संग्रहातल्या कविता वाचल्या, ते तेराव्या शतकातलं 'कोडेक्स रेजियस' तीनशे वर्षं कोपनहेगनला होतं. १९७१ मध्ये डेन्मार्कने ते आइसलंडला परत केलं. विमानाचा धोका नको म्हणून नौदलाच्या जहाजातून आणलं.

टवाळ_पण_प्रेमळ
म्हणजे विमानापेक्षा रानवर जास्त भरवसा.

आकाशवेधी
अवांतर, पण राहवत नाही. एप्सिलॉन एरिडानी हा साधारण साडेदहा प्रकाशवर्षांवरचा तारा. २०१५ मध्ये त्याला अधिकृत नाव मिळालं रान, आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहाला एगिर. नवरा बायकोभोवती फिरतोय. शनीच्या एका चंद्राचं नावही एगिर आहे.

भाऊ_रत्नागिरी
वल्हेंचं मला पटलं. वारा फिरला की आमचा माणूसही आधी वाऱ्याकडे बघतो, मासळीचा विचार नंतर. पण मग न्योर्डला पेला कशासाठी?

गडदनिळा
भाऊ, पेला घरी बसून, मेजवानीत, सुबत्तेसाठी. वात्न्सडेला सागात एका माणसाला 'न्योर्डसारखा श्रीमंत' म्हटलंय, तशी ती म्हणच होती. वल्हेंच्या नोंदी सफरीतल्या आहेत, भर समुद्रातल्या. मी मूळ प्रश्नात होडी लोटताना कोणाचं नाव घेत असतील असं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर वल्हेंनी दिलंय ते मला मान्य आहे: थॉर. पण देव आणि मदतीला धावणारा यांत मी फरक करतो. थॉर समुद्राचा नाही, तो समुद्राच्या विरुद्ध माणसाच्या बाजूचा आहे. त्याला आपण हाक मारतो ती यासाठीच.

मुसाफिर
हे छान मांडलंत. विरुद्ध बाजूला कोण आहे, एवढंच मग बघा. एगिर, रान आणि साप. म्हणजे समुद्र माझ्या बाजूला आला :)

कौमुदी
न्योर्डच्या वतीने एक शेवटचं. तो आसगार्डचा, म्हणजे देवांच्या घरचा, मुळात नव्हेच. आसिर आणि वानिर या दोन देवकुळांचं युद्ध संपल्यावर तो ओलीस म्हणून आला. लोकीने एगिरच्या मेजवानीत त्याला हेच सुनावलं, वर हिमिरच्या मुलींनी त्याच्या तोंडाची मोरी केली अशी घाणेरडी शिवीही दिली. काही अभ्यासक त्याचा अर्थ असा लावतात की डोंगरातल्या नद्या समुद्रात येऊन पडतात, म्हणजे तिथे तरी न्योर्ड हाच समुद्र ठरतो, मुसाफिर! आणि रागनारोक म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईनंतर तो परत वानिरांकडे जाईल असं भविष्य आहे. ओडिन, थॉर, फ्रेयर सगळे लढाईत मरतात, हा घरी जातो.

मुसाफिर
शिवीतून पुरावा काढलात, मानलं. पण वानिर मुळात कोण, हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

गडदनिळा
वानिरांवर वेगळा धागा काढू का? टॅसिटसने इ.स. ९८ मध्ये नेर्थुस नावाच्या देवीचं वर्णन केलंय. समुद्रातल्या बेटावर तिची झाकलेली गाडी, ओढायला गायी, ती फिरत असेपर्यंत शस्त्रं बंद. न्योर्ड आणि ती एकाच नावाची, हजार वर्षांच्या अंतराने.

अपर्णा_ठाणे
काढाच. आणि गाडी धुणाऱ्या गुलामांना त्याच तळ्यात बुडवत असत, तेही लिहा. रानचा विषय तिथेही निघणार.